करवियलें

येलहंक्याच्या जुन्या वस्तीत ग्रॅनाइटच्या सलग फरश्यांची कुंपणे अजून दिसतात. कन्नडमध्ये त्यांना चप्पडी म्हणतात. सुरुंग लावला तर असा पातळ दगड तडकून वाया जाईल. मग तो निघे कसा? बंगळूरच्या खाणीतली रीत एच. वार्थ यांनी १८९५ साली ‘नेचर’मध्ये नोंदवली: खडकावर लाकडाचा जाळ मांडायचा आणि हळूहळू पुढे सरकवायचा, तापलेला वरचा थर खालच्यापासून सुटतो.

गोमटेश्वरालाही असाच जाळ लावला, असे मी म्हणत नाही. पण इथून दीडशे किलोमीटरवर, श्रवणबेळगोळच्या टेकडीवर सुमारे ९८१ साली उभ्या राहिलेल्या त्या ५७ फुटी मूर्तीने फर्ग्युसनला १८७६ साली कोड्यात टाकले. शिळा जागेवरच होती की वर ओढून नेली? इतके धूड त्या गुळगुळीत चढावरून नेणे त्याला अशक्य वाटले. तरी इजिप्तबाहेर याहून भव्य काही नाही, हे त्याने मान्य केले. आज उत्तर सरळ आहे. टेकडीचा माथाच वरून खाली कोरत आणला. पाऊल अजून मूळ खडकातच आहे.

इजिप्तला ही सोय नव्हती. खुफूच्या पिरॅमिडचे सुमारे तेवीस लाख दगड आणून चढवावेच लागले. उतरंड सरळ होती की वळसे घेणारी, हा वाद चालूच आहे. ओढण्याचे चित्र मात्र जेहुतिहोतेपच्या थडग्यात आहे: घसरगाडीवर पुतळा, दोर ओढणारी माणसे आणि पुढे वाळूवर पाणी ओतणारा एकजण. ओल्या वाळूत निम्मे बळ पुरते, हे भौतिकशास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखवले. तोवर ते पाणी पुष्कळांना धर्मविधी वाटे! त्याआधीच्या वर्षी वादी अल-जर्फला पपायरस सापडले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे: तुरा खाणीतला चुनखडक नावेने गिझाला, आज इथे मुक्काम, उद्या तिथे.

गोमटाच्या पायाशी असा मेरेर नाही. तिथे एकच गोष्ट तीन भाषांत कोरली आहे. कन्नडमध्ये ‘माडिसिदं’, तमिळमध्ये ‘सेय्वित्तान्’, आणि आपण शाळेत आद्य मराठी म्हणून पाठ केलेले ‘श्री चावुण्डराजें करवियलें’. तिन्ही क्रियापदे प्रयोजक. करवणारा गंग राजाचा मंत्री चावुंडराय. छिन्नी धरणारे क्रियापदाच्या आतच राहिले. शेजारी गंगराजाने भोवतालचे आवार बांधवल्याची ओळ आहे. तिचाही शेवट ‘करवियलें’.