नऊ इंचांची वाढ : मर्लिन इंजिन आणि इंटरकूलरचा इतिहास #थ्रेड

१/
सप्टेंबर १९४१. उत्तर फ्रान्सच्या आकाशात ब्रिटिश वैमानिकांची गाठ एका नव्या जर्मन विमानाशी पडू लागली : फोके-वुल्फ १९०. वर्षभरापूर्वी 'बॅटल ऑफ ब्रिटन' गाजवणाऱ्या स्पिटफायरची सुधारित आवृत्ती, मार्क ५, या विमानापुढे वेगात आणि चढाईत मागे पडत होती.

२/
ब्रिटनला यावर जो उपाय सापडला तो नवे विमान नव्हता. पूर्णतः नवे इंजिनही नव्हता. एका इंजिनाचा सुपरचार्जर फेरफार करून दुसऱ्या इंजिनाला जोडला गेला, आणि तापलेली हवा थंड करणारी एक पेटी तिच्या वाटेवर बसवली गेली. ही पेटी म्हणजे इंटरकूलर.

३/
आधी मूळ अडचण. तीस हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या एक-तृतीयांशाहून थोडीच अधिक असते. हवा विरळ झाली की इंजिनात कमी इंधन जळते आणि शक्ती घटते. म्हणून बाहेरची हवा दाबून आत ढकलावी लागते. हे यंत्र इंजिनाच्या दात्यांवर चालले तर तो सुपरचार्जर. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर चालले तर टर्बोचार्जर.

४/
डर्बी येथील रोल्स-रॉइस कारखान्यात या प्रश्नावर काम करीत होते स्टॅन्ली हूकर. ते मुळात गणिती. जानेवारी १९३८ मध्ये ते कंपनीत आले आणि मर्लिन इंजिनाच्या सुपरचार्जरमधील हवेचा प्रवाह त्यांनी गणिताने तपासून सुधारला. पुढे त्यांनी आत्मचरित्राला नाव दिले, 'नॉट मच ऑफ ॲन इंजिनिअर'.

५/
अतिउंचावरून उडणाऱ्या वेलिंग्टन बॉम्बफेकी विमानासाठी अधिक समर्थ मर्लिन हवे होते. टर्बोचार्जरचा पर्याय विचारात घेतला गेला. त्यात इंधनाची बचत होती. परंतु वजन वाढणार होते, आणि धूर वळवून नेणाऱ्या नळ्या व झडपा यांना जागा लागणार होती. म्हणून तो पर्याय बाजूला पडला.

६/
ही भीती निराधार नव्हती. अमेरिकेच्या पी-४७ थंडरबोल्टमध्ये टर्बोचार्जर वैमानिकाच्याही मागे, धडाच्या मागील भागात होता. इंजिनाचा धूर नळ्यांतून मागे जाई. दाबलेली हवा इंटरकूलरमधून थंड होऊन पुन्हा पुढे येई. त्या नळ्यांसाठी विमानाचे धडच खोल करावे लागले. स्पिटफायरच्या सडपातळ देहात हे शक्य नव्हते.

७/
हूकर यांनी दोन सुपरचार्जर एकापुढे एक जोडले. पहिल्या टप्प्यासाठी व्हल्चर या मोठ्या इंजिनाचा सुपरचार्जर फेरफार करून घेतला. दुसऱ्यासाठी मर्लिन ४६चा. स्वतः व्हल्चर इंजिन अपयशी ठरले आणि त्याचे उत्पादन लवकरच थांबले; त्याच्या सुपरचार्जरला मात्र नवे आयुष्य लाभले.

८/
पण हवा दाबली की तापते; दोनदा दाबली की फारच तापते. तापलेली हवा पसरते, म्हणजे दाबून मिळवलेली घनता अंशतः वाया जाते. त्याहून वाईट म्हणजे, इंधनमिश्रित तप्त हवा सिलिंडरमध्ये अवेळी भडकते आणि इंजिन मोडू शकते. म्हणजे दुसरा सुपरचार्जर जोडणे ही निम्मी कामगिरी होती. उरलेली निम्मी होती थंडावा.

९/
तो थंडावा इंटरकूलरने दिला. दुसऱ्या टप्प्यातून निघालेले मिश्रण सिलिंडरांकडे जाण्यापूर्वी या पेटीतून जाई. पेटीतील द्रवासाठी वेगळा पंप व वेगळा रेडिएटर होता. एवढे सारे इंजिनाच्या पाठीमागे बसवूनही त्याची लांबी वाढली केवळ नऊ इंचांच्या आसपास.

१०/
या नऊ इंचांनीच पुढची वाट उघडली. कारखान्याचे प्रमुख अर्नेस्ट हाइव्ह्ज यांनी हे इंजिन स्पिटफायरमध्ये बसवण्याची कल्पना उचलून धरली. मार्क ५च्या सांगाड्यात मर्लिन ६१ बसले. पंख्याला चार पाती आली. दोन्ही पंखांखाली सारख्या आकाराचे रेडिएटर आले. हा मार्क ९. तात्पुरती सोय म्हणून जन्मलेल्या या विमानाची पाच हजारांहून अधिक नगांची निर्मिती झाली.

११/
जुलै १९४२ मध्ये ६४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने मार्क ९ लढाईत उतरवले. तीस हजार फुटांवर नवे इंजिन मर्लिन ४५ मालिकेपेक्षा सुमारे ३०० अश्वशक्ती अधिक देई, आणि मार्क ९ तेथे मार्क ५पेक्षा ताशी सुमारे ७० मैल वेगवान होते. लांबून दोन्ही विमाने सारखीच दिसत. समोर कोणते आहे, हे जर्मन वैमानिकाला चटकन ओळखता येत नसे.

१२/
त्याआधी, २३ जून १९४२ रोजी, आर्मिन फाबर हा जर्मन वैमानिक दिशाभूल होऊन वेल्समधील पेंब्री तळावर उतरला आणि एक धडधाकट फोके-वुल्फ ब्रिटिशांच्या हाती आले. मार्क ९शी त्याची तुलना झाली तेव्हा बहुतेक उंचींवर दोघांच्या वेगात फारसे अंतर आढळले नाही. कुशीवर वळण्यात मात्र जर्मन विमान सरसच राहिले.

१३/
याच जातीचे इंजिन पुढे अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवले आणि ते मस्टँगमध्ये बसले. जर्मनीत खोलवर जाणाऱ्या बॉम्बफेकी विमानांना संरक्षक सोबत मिळाली. भारताशीही याचा धागा आहे : रॉयल इंडियन एअर फोर्सला मिळालेल्या स्पिटफायर मार्क ८मध्येही दोन टप्प्यांचे मर्लिनच होते.

१४/
युद्धाचा इतिहास बहुधा सेनानी आणि विमानांच्या नावांनी लिहिला जातो. येथे निर्णायक ठरले ते जुळवणीचे कसब : हाताशी असलेला भाग निवडणे, तो नेमका बसवणे, आणि त्यातून उपजणाऱ्या उष्णतेला वाट देणे. आज टर्बो मोटारीच्या बॉनेटखाली इंटरकूलरच्या नळ्यांसाठी जागा शोधणारा कारागीर याच प्रश्नाशी झुंजत असतो. हवा दाबणे सोपे. ती थंड करून, उपलब्ध जागेतून, योग्य ठिकाणी पोहोचवणे अवघड.