उदी लोक आणि त्यांची भाषा

सिनाई पर्वताच्या पायथ्याशीं सेंट कॅथरिनचा जो मठ आहे, तो सहाव्या शतकापासून आजतागायत नांदता आहे. १९७५ सालीं तेथें आग लागली. आगीनंतर पडझड आवरतांना मठवाशांस बुजून गेलेली एक खोली सांपडली व तींत शेंकडों जुनीं हस्तलिखितें निघालीं. त्यांपैकीं कांहीं जॉर्जियन भाषेंतील होतीं. तीं तपासण्यासाठीं जॉर्जियाचे पंडित झाझा अलेक्सिद्झे तेथें गेले. आणि १९९६ सालीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, दोन पोथ्यांतील जॉर्जियन अक्षरांच्या खालीं दुसरींच पुसट अक्षरें आहेत.

चर्मपत्र ही महाग वस्तु. धूळपाटीवर जसें पुसून पुन्हा लिहितात, तसें जुन्या पोथीचीं पानें खरवडून व धुवून त्यांवर नवा मजकूर लिहिण्याची चाल तिकडील मठांत होती. येथेंहि तेंच झालें होतें. परंतु खालचीं अक्षरें ग्रीक नव्हतीं, आर्मेनियन नव्हतीं आणि जॉर्जियनहि नव्हतीं. ज्या भाषेचा एकहि ग्रंथ उरला नाहीं असें विद्वान् धरून चालले होते, तिचीं शंभराहून अधिक पानें तेथें निघालीं. आश्चर्य असें कीं, त्या भाषेच्या वंशांतील भाषा बोलणारीं माणसें आजहि जिवंत आहेत. जगांत जेथें जेथें तीं पांगलीं आहेत तेथील सर्वांची बेरीज केली, तर ती दहा हजारांच्या आसपास जाईल. या लोकांस उदी म्हणतात.

हे लोक ज्या प्राचीन राज्याचे, त्याचें नांव अल्बानिया. पाँपीनें इ. स. पूर्वीं ६५ च्या सुमारास अल्बानियावर स्वारी केली हें वर्गांत सांगतांना मला दरवेळीं थांबावें लागतें, कारण विद्यार्थी लगेच नकाशांत बाल्कन प्रदेश शोधूं लागतात. त्या अल्बानियाशीं याचा नांवापलीकडे संबंध नाहीं. हा अल्बानिया कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस, कुरा नदीच्या खोऱ्यांत, म्हणजे आजच्या अझरबैजानांत होता. तेथें पूर्वीं सव्वीस भाषा व तितकेच राजे होते, पुढें एकच राजा झाला, असें स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकारानें लिहिलें आहे. या लोकांस शंभराच्या पुढें मोजतां येत नाहीं, असाहि एक शेरा त्यानें मारला आहे. उदी भाषेंत आजहि विसांनीं मोजतात. चाळीस म्हणजे दोन विसा, साठ म्हणजे तीन विसा. आमच्या खेड्यांतील वृद्ध स्त्रिया असेंच मोजीत, आणि त्यांचा हिशेब सहसा चुकत नसे. स्ट्रेबोच्या कानावर अशाच मोजणीची कांहीं अर्धवट हकीकत गेली असावी, असा माझा आपला तर्क आहे.

चौथ्या शतकांत ऊर्नाइर राजाच्या वेळीं अल्बानियानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढच्या शतकाच्या आरंभीं आर्मेनियन लिपीचा कर्ता मेस्रोप माश्तोत्स यानें अल्बानियन भाषेसहि लिपी करून दिली. त्याचा शिष्य कोर्युन यानें लिहिलेल्या गुरुचरित्रांत, या कामीं बेंजामिन नांवाच्या अल्बानियन गृहस्थाचें साह्य झाल्याचें नमूद आहे. बावन्न अक्षरांची ही लिपी. राजा, धर्मपीठ, वर्णमाला आणि भाषांतरित शुभवर्तमान इतकें सारें ज्या भाषेजवळ आहे तिला भय कसलें, असें त्या वेळीं कोणासहि वाटलें असतें.

परंतु भाषा लिपीच्या आधारावर जगत नाहीं, ती जेथें वापरली जाते त्या जागांच्या आधारावर जगते. आणि त्या जागा एकेक करून गेल्या. प्रथम अरबांच्या स्वाऱ्यांत राज्य गेलें. नंतर, आठव्या शतकाच्या आरंभीं, नेर्सेस बाकुर नांवाच्या अल्बानियन धर्मगुरूनें ग्रीक चर्चच्या मताकडे कल दाखविला. आर्मेनियन धर्मगुरूनें खलीफाकडे तक्रार केली आणि बाकुरला पदच्युत करण्यांत आलें. दोन ख्रिस्ती धर्मपीठांच्या सिद्धांताच्या वादांत मुसलमान खलीफानें निवाडा द्यावा आणि त्याची किंमत तिसऱ्याच एका भाषेनें भरावी, हा इतिहासांतला विलक्षण योग होय. यापुढें अल्बानियन चर्च आर्मेनियन पीठाच्या छायेखालीं गेलें व उपासनेंत आर्मेनियन भाषा स्थिरावली. पीठाचें नांव मात्र आणखी अकराशें वर्षें टिकलें. रशियन अमलांत १८१५ सालीं त्याची पदवी उतरविण्यांत आली आणि १८३६ च्या कायद्यानें तें मोडून एच्मियाद्झिनच्या स्वाधीन झालें.

दरम्यान लिपी विस्मरणांत गेली होती. १९३७ सालीं इलिया अबुलाद्झे यांस पंधराव्या शतकांतील एका आर्मेनियन हस्तलिखितांत निरनिराळ्या लिपींचे नमुने आढळले, व त्यांत अल्बानियन वर्णमाला होती. अकाकी शानिद्झे यांनीं तिचा अभ्यास करून उदी भाषेशीं तिचा संबंध दाखविला. मग १९४८ पासून मिंगेचौर येथील उत्खननांत थोडे कोरीव लेख निघाले. तेवढ्यावर अर्थ लागणें कठीण होतें. सिनाईच्या पानांनीं तें साधलें. एका पानावर एकच शब्द थोड्या थोड्या अंतरानें पुनःपुन्हा येत होता. पॉलनें करिंथकरांस धाडलेल्या दुसऱ्या पत्रांत आपल्या प्रवासांतील संकटांची जी यादी दिली आहे, तींतील पालुपदाशीं अलेक्सिद्झे यांनीं तो ताडून पाहिला, आणि गांठ सुटली. पुढें गिप्पर्ट, शुल्ट्से व माए या पंडितांसह त्यांनीं हा सर्व मजकूर २००८ पासून प्रसिद्ध केला. त्यांत उपासनेच्या वेळीं वाचावयाचे उतारे आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा भाग आहे; आणि भाषा आजच्या उदीची निकटची पूर्वज आहे.

भाषाशास्त्रज्ञांस उदीची ओढ लागली ती मात्र या शोधाच्या फार पूर्वीं. शीफ्नर यानें १८६३ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें तिचें पहिलें व्याकरण छापिलें. १९०२ सालीं बेझानोव्ह यांनीं केलेलें शुभवर्तमानांचें उदी भाषांतर तिफ्लिस येथें निघालें. तिच्या रचनेंतील एक चमत्कार संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस विशेष मौजेचा वाटेल. आपल्या रुधादि गणांत ‘रुध्’ धातूच्या पोटांत ‘न’ शिरून ‘रुणद्धि’ असें रूप होतें. उदींत धातूच्या पोटांत शिरतो तो पुरुषवाचक प्रत्यय. ‘बेघ्’ म्हणजे पाहणें. ‘तो पाहतो’ याला ‘बेनेघ्सा’ म्हणतात. येथें ‘ने’ म्हणजे ‘तो’, आणि तो ‘बे’ व ‘घ्’ यांच्या मधोमध जाऊन बसला आहे. असा सुटा वाटणारा प्रत्यय शब्दास बाहेरून चिकटेल, पण धातु फोडून आंत शिरणार नाहीं, असा विद्वानांचा सर्वसाधारण समज होता. अ‍ॅलिस हॅरिस या विदुषीनें २००२ सालीं उदीवर ग्रंथ लिहून तो खोडून काढला. दोन-तीन गांवांतील शेतकऱ्यांच्या बोलण्यानें एक सिद्धांत मोडला!

हीं गांवें कोणतीं? अझरबैजानांतील नीज व वार्ताशेन. आणि वार्ताशेनच्या कांहीं कुटुंबांनीं १९२२ च्या सुमारास जॉर्जियांत जाऊन वसविलेलें झिनोबियानी. शेंकडों वर्षें देवळांत आर्मेनियन, बाजारांत तुर्की वळणाची अझरबैजानी आणि कचेरींत रशियन अशी वांटणी चालली. उदी भाषेच्या वांट्यास घर आलें. घरानें ती राखलीहि. परंतु देवळाच्या भाषेबरोबर आडनांवेंहि आली होतीं. कित्येक उदींचीं आडनांवें आर्मेनियन वळणाचीं. उदी भाषेचा मोठा कोश करून १९७४ सालीं बाकू येथें छापणारे नीजचे व्होरोशिल गुकास्यान हे स्वतः उदीच होते. काराबाखचा वाद पेटला तेव्हां असल्या आडनांवांनीं घात केला. १९८९ च्या सुमारास वार्ताशेनमधील आर्मेनियन वस्तीबरोबर बहुतेक उदी वस्तीहि उठली. १९९१ सालीं त्या गांवाचें नांवहि बदलून ओगुझ झालें. १९८९ च्या खानेसुमारींत सोव्हिएत संघांत ८,६५२ उदी होते व त्यांतील सहा हजारांवर अझरबैजानांत होते. २००९ मध्यें अझरबैजानांत सुमारें ३,८०० उरले, आणि २०१० मध्यें रशियांत ४,२६७ मोजले गेले. रशियांतले हे लोक गांव करून राहत नाहींत. शहरोशहरीं विखुरले आहेत, आणि त्यांच्या मुलांची भाषा रशियन होत चालली आहे. माझ्या मतें भाषेवर खरा घाव बसला तो हा.

यानंतरची गोष्ट सांगतांना मन खट्टू होतें. २००३ सालीं अझरबैजानांत उदींच्या ख्रिस्ती मंडळाची अल्बानियन या नांवानें नोंदणी झाली व नीजमधील जुन्या चर्चचा जीर्णोद्धार नॉर्वेच्या एका संस्थेच्या मदतीनें सुरू झाला. काम चालू असतां भिंतीवरील आर्मेनियन लेख खरवडून काढण्यांत आले. मदत देणारे नॉर्वेकर त्यामुळें रुष्ट झाले व त्यांच्या राजदूतानें उघड निषेध केला. काराबाखमधील जुनीं चर्चें मुळांत अल्बानियन, असें अझरबैजानचे कित्येक इतिहासकार म्हणतात. आर्मेनियन पंडितांस तें साफ अमान्य आहे. त्या भांडणांत उदींचें नांव दोन्ही बाजूंस लागतें, पण उदींस कोणी विचारीत नाहीं. ते लेख आर्मेनियन होते हें खरें. पण ते वाचून ज्यांनीं पिढ्यान्पिढ्या प्रार्थना केली ते उदीच होते, आणि ते लेखहि त्यांच्याच इतिहासाचे होते. सिनाईंतील लेखकानें खरवडलें तें चर्मपत्र वांचविण्यासाठीं. त्याला एक वेळ क्षमा करतां येईल.

उदी मुलांसाठीं पहिलें क्रमिक पुस्तक १९३४ सालीं सुखुमी येथें लॅटिन अक्षरांत निघालें होतें. त्याचें नांव ‘सामजी दास’, म्हणजे ‘पहिला धडा’. तें शिक्षण फार वर्षें चाललें नाहीं. १९९० नंतर नीजमध्यें तें पुन्हा सुरू झालें, पुन्हा लॅटिन अक्षरांतच. माश्तोत्सचीं बावन्न अक्षरें आतां पंडितांकडे आहेत. शाळेंत उदी पहिल्या चार इयत्तांपर्यंत शिकवितात. पांचवीपासून मुलांच्या पुस्तकांत ती नसते.