घराबाहेर कोणीं जावें?

परभणी जिल्ह्यांतील पूर्णा हें रेल्वेच्या जंक्शनचें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. पुण्यामुंबईच्या रंगभूमीवर उठलेले वाद तेथवर पोहोंचावयास काळ लागे. आज पूर्णेंत आणि पुण्यांत सायंकाळीं एकाच क्षणीं एकच टेलिव्हिजन-मालिका लागते, आणि तींतील सुनेचा छळ दोन्हीं गांवीं सारख्याच तन्मयतेनें पाहिला जातो. मालिकाकारांना आपण दोष देतों. परंतु हा वारसा त्यांना रंगभूमीकडून मिळाला आहे.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं निवर्तले, आणि २० फेब्रुवारीस बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीनें त्यांचें ‘एकच प्याला’ प्रथम रंगभूमीवर आणलें. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची. मद्यपी वकील सुधाकर ह्याच्या हातून तान्हें मूल दगावतें, सिंधूला प्राणांतिक जखम होते, आणि मरतां मरतां ती पोलिसांपुढें पतीवर आळ येऊं नये असा जबाब देते! नाटक लिहिलें दारूच्या विरुद्ध. लोकांनीं पूजा मांडली ती सिंधूच्या सोसण्याची. त्याच नाटकांत तळीरामाची बायको गीता आहे. ती फटकळ आहे, नवऱ्याचीं कर्तुकें ती झांकून ठेवीत नाहीं. म्हणजे तक्रार करणारी स्त्री नाटककाराला अपरिचित नव्हती. तिला जागा मात्र मिळाली ती विनोदाच्या अंगानें. सोसणारी ती नायिका आणि बोलणारी ती दुय्यम, ही वांटणी माझ्या मतें पुढें फार दिवस टिकली.

ती मोडण्याचे प्रयत्न झाले. अत्र्यांचें ‘घराबाहेर’ १९३४ चें, रांगणेकरांचें ‘कुलवधू’ १९४२ चें. दुसऱ्यावर इब्सेनच्या १८७९ मधील नोराची छाया स्पष्ट आहे. त्यांतील भानुमती (ही भूमिका ज्योत्स्ना भोळे ह्यांनीं गाजविली) कर्तबगार नटी असून पत्नीचा लौकिक पतीस सोसत नाहीं. ह्या नायिका रडून मरत नाहींत, हें खरेंच मोठें अंतर होय. तथापि नाटककारांना सुचलेला उपाय एकच : बाईनें उंबरठा ओलांडावा.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढें १९८४ मध्यें ‘हम लोग’ ही हिंदी मालिका आली. तींतील भागवंती ही मुकाट्यानें सोसणारी गृहिणी प्रेक्षकांना सावध करण्यासाठीं योजिली होती, आणि प्रत्येक भागाच्या शेवटीं अशोककुमार उपदेशही करीत. पण कित्येक प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली. सिंधूचीच गोष्ट पुन्हा घडली म्हणावयाची.

त्यांत दैनंदिन मालिकेची एक निराळीच अडचण आहे. नाटकाला शेवटचा अंक असतो. हिला तो नसतो. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. इतका काळ कथा चालवावयाची तर शुक्रवारीं मिटलेलें भांडण सोमवारीं उकरून काढावेंच लागतें. ‘आई कुठे काय करते!’ (२०१९ ते २०२४) ह्या मालिकेनें मात्र अवहेलनेलाही छळ मानलें. तींतील अरुंधती घटस्फोट घेते आणि गाण्याच्या बळावर उभी राहते. मला ती मालिका लांबलेली वाटते, पण तिचें हें श्रेय नाकारतां येत नाहीं.

दरम्यान कायदा नाटकाच्या पुढें गेला. १९८३ मध्यें विवाहितेच्या छळाविरुद्ध दंडसंहितेंत ४९८-अ हें कलम आलें. पुढें २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आला. त्यानें मारहाणीबरोबर शिवीगाळ, मानसिक जाच आणि पैशाची कोंडी ह्यांनाही हिंसा ठरविलें, आणि घर स्त्रीच्या नांवावर नसलें तरी त्यांत राहण्याचा हक्क तिला दिला. संरक्षण अधिकाऱ्यानें तिची हकीकत लिहून घ्यावयाची आणि ती दंडाधिकाऱ्याकडे धाडावयाची, अशी त्यांत तजवीज आहे. अधिकारी जबाब लिहीत आहे आणि बाई खरें तेंच सांगत आहे, हा प्रवेश मालिकांत क्वचितच दिसतो. आणि ह्या कायद्यान्वयें दंडाधिकारी घराबाहेर पडण्याचा हुकूम देऊं शकतो, तो पतीला.