सलाईनची बाटली आणि अर्धी भाकरी

कॅन्सर शेवटच्या टप्प्यात गेला, पेशंटनं जेवण सोडलं, की घरचे डॉक्टरांना एकच विनवणी करतात: "निदान एक सलाईन तरी लावा, ताकद येईल." या ताकदीचा इतिहास माहीत असावा, म्हणून ही पोस्ट.

आधी हिशोब. साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असतं, कॅलरी शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. एका चांगल्या भाकरीचीही बरोबरी नाही.

मग शिरेतून पूर्ण जेवण देताच येत नाही का? येतं. अडचण अशी होती की, घट्ट द्रावणानं हातातली बारीक शीर सुजते. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात डॉ. स्टॅनली डुड्रिक यांनी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतून नळी घालून कुत्र्याची पिल्लं वाढवली. मग आतडं नसल्यासारखीच असलेल्या एका नवजात मुलीला तसंच पोसलं. तिचं वजन वाढलं. त्याच सुमारास स्वीडनच्या व्रेटलिंड यांनी शिरेतून देता येईल असं तेलाचं द्रावण काढलं. आतडं निकामी झालेल्यांना यामुळे जीवदान मिळालं.

साहजिकच १९७० च्या दशकात हे कॅन्सरच्या पेशंटना देणं सुरू झालं. पण चाचण्यांत आयुष्य वाढलेलं दिसेना, उलट इन्फेक्शन वाढलं. १९८९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं सांगून टाकलं की, केमो चालू असलेल्यांना हे सरसकट देऊ नका.

कारण काय? वाढलेल्या कॅन्सरमध्ये शरीर स्वतःच स्नायू जाळत सुटतं. नुसतं अन्न ओतून ते थांबत नाही.

याचा अर्थ कुणालाच देऊ नये, असं नाही. आतड्यात अडथळा आहे, पण आजार हळू वाढतोय आणि हातात काही महिने आहेत, अशांना उपयोग होऊ शकतो. म्हणून शेत गहाण टाकण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: आतडं चालतंय का? किती दिवस हातात आहेत? यानं नेमकं काय साधेल?

आणि उत्तर "नको" असं आलं, तर "आपण उपाशी मारलं" हे ओझं घेऊ नका. भूक आजारानं नेलेली असते. तोंड ओलं ठेवा, मागितलं तर दोन चमचे पेज द्या, जवळ बसा. तीही सेवाच आहे.