बॉनेट उंच का झालं?

अंजनगाव सुर्जीत इतिहास म्हटला की आपण 1803 च्या तहावर येतो. पण इतिहास लोखंडातही असतो; आज जुन्या जीपचं इंजिन उघडू.

1947 मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. विलीजच्या आधीच्या इंजिनात आठही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. हेड म्हणजे नुसतं झाकण. 1953 च्या सीजे-3बी जीपमध्ये चार इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंचावलं.

दोन्ही इंजिनं 2.2 लिटरचीच, तरी एकाचं हेड दुसऱ्याला चालत नाही. वाकलेल्या हेडला फेस मारता येतो. चुकीच्या हेडला इलाज नाही. म्हणून भंगारात हेड शोधण्याआधी आपण आपल्या ब्लॉकमधले व्हॉल्व्ह मोजायचे: आठ की चार?