बुडबुड्याची गोष्ट

मंडळी, आज कोडिंगला सुट्टी. विषय आहे बुडबुडा. साधा, हवेचा!

१९५० च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँडला लिओनार्ड स्केग्ज या बायोकेमिस्टने रक्ततपासणीचं यंत्र बनवलं. टेक्निकॉन कंपनीने ते १९५७ मध्ये 'ऑटोॲनालायझर' नावाने विकायला काढलं. एकाच नळीतून एकामागोमाग एक पेशंटचे नमुने जाणार. मग एकाची साखर दुसऱ्याच्या रिपोर्टात जायची की! त्यावर स्केग्जने नळीत मुद्दाम हवेचे बुडबुडे सोडले. ते प्रवाहाचे तुकडे पाडतात आणि जाताजाता नळी आतून पुसूनही घेतात. भन्नाट ना?

पण बटण दाबलं आणि नमुने घातले, असं नव्हतं. आधी पंप चालू करून रसायनं नुसतीच फिरवायची. बुडबुडे सारख्या अंतराने धावायला लागले की नजर कागदावरच्या पेनकडे. रेघ सरळ झाली की आधी माहीत असलेल्या प्रमाणाची द्रावणं, मगच पेशंट. रेघ हलत असताना घाई केली तरी आकडा येणारच, आणि डॉक्टर त्यावर औषध देणार. (आमच्याकडे याला स्मोक टेस्ट म्हणतात. डेडलाइन आली की पहिली कात्री तिलाच. असो.)

गंमत पुढेच आहे. पाण्याने भरलेल्या नळ्या आणि सिरिंजवर चालणाऱ्या आजच्या पिपेटिंग रोबोमध्ये हाच बुडबुडा व्हिलन! हवा दबते, त्यामुळे पिस्टन पूर्ण सरकूनही टोकाशी द्रव कमी पडतो. म्हणून कामाआधी नळ्यांमधून पाणी पुन्हापुन्हा ढकलायचं, आणि एखादा बुडबुडा कुठे चिकटून राहिलाय का, ते सरळ वाकून डोळ्यांनी बघायचं.