वडाचं फळ वर्ज्य, साल औषधी



आदिनाथ भगवानांना केवलज्ञान झालं ते पुरिमताल नगरीत, वडाखाली. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात हे वर्णन आहे. पुरिमताल म्हणजे आजचं प्रयागराज, असं परंपरा मानते. तरीही पाठशाळेत आपण ज्या पाच उदुंबर फळांचा त्याग शिकलो, त्यांत वड आहेच. वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठूमर (काहीजण त्याजागी अंजीर धरतात).

आठ मूलगुणांची यादी सगळ्या ग्रंथांत एकसारखी नाही बरं का. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात मद्य, मांस, मधाचा त्याग आणि पाच अणुव्रतं आहेत. अमृतचंद्राचार्यांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायात मात्र या तिघांबरोबर पाच उदुंबर येतात. कारण त्रस जीव. वडाची फुलं फळाच्या आतच असतात, आणि त्यांचं परागीभवन एक अगदी बारीक गांधीलमाशी आत शिरून करते. तिथेच ती अंडी घालते. म्हणजे किडकं बाजूला काढून चांगलं खावं, असं इथे करताच येत नाही. शिवाय अमृतचंद्राचार्य सुकलेल्या फळांनाही सूट देत नाहीत. जीव उरले नसले तरी खाण्याचा विशेष राग, म्हणजे आसक्ती, हीसुद्धा हिंसाच असं ते म्हणतात. मला हा भाग फार नेमका वाटतो.

सालीची गोष्ट वेगळी. आयुर्वेदातलं पंचवल्कल म्हणजे वड, उंबर, पिंपळ, पाकर आणि पारिस पिंपळ यांच्या साली. त्यातली चार झाडं आपल्या त्यागाच्या यादीतलीच! साल तुरट, म्हणून स्राव कमी करणारी. काढ्यानं जखम धुतात, तोंड आल्यावर गुळण्या करतात, अंगावरून पांढरं जात असेल तर वैद्य धुण्यासाठी देतात. वडाचा चीक टाचांच्या भेगांना लावतात.

धर्म सांभाळून औषध देता येतं, हे आपल्याकडे जुनं आहे. नवव्या शतकात उग्रादित्याचार्यांनी मद्य, मांस, मध टाळून कल्याणकारक हा वैद्यकग्रंथ रचला. राजा अमोघवर्षाच्या सभेत त्यांनी मांसाहाराचं खंडन केलं. हाच राजा जिनसेनाचार्यांचा शिष्य. १९४० साली हा ग्रंथ सोलापुरातून छापला गेला.

झाड एकेंद्रिय जीव आहे, म्हणून साल हवी तेवढीच, फांदीची घ्यावी. खोडाची साल गोल सोलली तर झाड वाळतं. आणि चूर्णाच्या डबीवर नुसतं ‘उदुंबर’ लिहिलेलं असलं की मी दुकानदाराला विचारते, साल की फळ? अवलेह असेल तर मधाचंही विचारते.